सफरचंदाचा पाय

आमच्या घरात तो शब्द भालूकाकाने आणला
रेसिडेन्सीकडच्या एका बंगल्यातून.
"आज सफरचंदाचा पाय केला," म्हणाला,
आणि आम्ही चौघं पोरं
पाटांवरून गडबडा लोळलो.
डावा की उजवा, काका?
चप्पल घालतो का तो?
काकूने कपाळाला हात लावला :
फळांना पाय फुटले, आता काय राहिलं!

बंगल्यात एक अमेरिकन बाई राहायच्या,
मक्याच्या कणसांचा काहीतरी अभ्यास करून राहिल्या होत्या.
नाव मिसेस विल्सन.
काकाच्या तोंडी विलासिनीबाई.
रविवारी त्यांना घर आठवायचं,
आणि घर आठवलं की त्या मैदा मागायच्या.
त्याला इंग्रजी नाही, त्यांना मराठी नाही.
लोणी गार हवं, हे त्यांनी
त्याचा तळवा माठाला टेकवून सांगितलं.
पीठ फार मळू नको, हे
मनगट धरून.

जाताना पगारावर त्यांनी
एक पत्र्याची ताटली दिली, उतरत्या काठांची.
काकूने ती आधी राखेने घासली, मग चिंचेने,
मग एक रात्र अंगणात चांदण्याखाली ठेवली,
आणि मगच घरात घेतली.

भट्टी कुठली? बाफल्यांच्या गोवऱ्या होत्या.
खाली विस्तव, वर झाकण, झाकणावर निखारे.
लोण्याच्या जागी तूप.
सफरचंदं काश्मीरची, परवडायची दिवाळीला,
एरवी पेरू.
पेरू संपले की गुळातली कैरी.
दालचिनीच्या जोडीला जायफळ,
कारण जायफळाशिवायच्या गोडाला
आमच्याकडे कुणी गोड म्हणत नसे.
तरी नाव तेच. पेरूचा असो, कैरीचा असो,
सफरचंदाचा पाय.

फक्त काठ त्याने बदलला नाही.
काकू म्हणायची, करंजीसारखी मुरड घाला, सुटणार नाही.
तो म्हणायचा, नाही.
ही दाबायची असते, अंगठ्याने, एकेक.
बाईंनी अशीच दाखवली.

आता ए. बी. रोडवर काचेची दुकानं,
रात्री अकरालासुद्धा रांग.
माझा नातू बर्गर उघडतो,
खिशातून शेवेची पुडी काढतो,
भुरभुरतो, झाकतो, खातो.
शेजारचा पोरगा म्हणतो, भिया, मलाही दे ना थोडी.
दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही.

मी कोपऱ्यात बसून कागदी पेल्यातलं पाणी पितो
आणि विचार करतो :
हे जगभर कसं काय चाललं?
चव म्हणावी तर आमच्या सराफ्यात
एका गल्लीत याच्या दहापट.

मला वाटतं, ते रांधणारेच मुळात
बोटीतून उतरलेले असणार.
आईचं पीठ मिळालं नाही, मिळालं त्यात भागवलं.
मका दिसला, मका घेतला.
आम्ही तरी काय केलं?
होळकरांच्या मागोमाग इकडे आलो,
आमसुलं संपली तशी विसरलो,
पोह्यांवर शेव टाकून घेतली, बाजूला जिलबी,
आणि आता तेच आमचं म्हणून भांडतो.
चालवून घेतलेलं कुठेही चालतं.
त्यातून याला तर पाय.

काकाची नात शर्वाणी ओहायोत असते.
फोनवर विचारत होती, पेरू किती, गूळ किती,
आणि काका, गोवऱ्यांच्या ऐवजी काय?
तिथे म्हणे घरी कोणी करत नाही,
गोठवलेला आणतात, डब्यातला.
तिने केला. ऑफिसात नेला.
दहा मिनिटांत ताट रिकामं.
एक म्हातारे गृहस्थ बोटं चाटत म्हणाले,
वा! हा तुमच्या इंडियातला कुठला पदार्थ?

मी इतका हसलो की चष्मा पडला.
मग म्हटलं, तू काय सांगितलंस?
म्हणाली, काय सांगणार?
इंदूरचा, म्हटलं.

ताटली अजून आहे.
दुधाच्या पातेल्यावर झाकतो आम्ही.
जड आहे. मांजराला हलत नाही.